मार्लिन म्हणजे नक्की कुठली? ट्रेकच्या डोंगरी सायकलींची वंशावळ

विभाग: सायकल आणि भटकंती – बेळगाव, खानापूर, चंदगड

टिळकवाडी_टायर
शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार.

भाच्याला सायकल घ्यायची आहे. बीई होऊन उद्यमबागेत लागलाय, पहिला पगार खिशात उड्या मारूलालाय. मला म्हणाला, "मामा, सेकंडहँड ट्रेक मार्लिन बघ की." बघितली. दोन आठवड्यांत तीन मिळाल्या आणि तिघींचं आपसात नावापलीकडे काही जुळत नाही.

पहिली हिंडलग्याच्या एका गृहस्थांकडची, २०१२ ची. मुलानं अमेरिकेहून परतताना खोक्यात भरून आणली होती. चाकं २९ इंची आणि फ्रेमवर 'गॅरी फिशर कलेक्शन' असं लिहिलेलं. दुसरी धारवाडच्या एका विद्यार्थ्याची, २०१९ ची मार्लिन ५. तिसरी कोल्हापूरची, जेमतेम दीड वर्ष वापरलेली, जिला 'जेन थ्री' म्हणजे तिसरी पिढी म्हणतात ती. पहिलीच्या पैशात तिसरीचं अर्धंसुद्धा येत नाही. भाचा म्हणतो, तिन्ही मार्लिनच ना, मग एवढा फरक कसला? उत्तर शोधायला बसलो त्यात तीन रविवार गेले. सौ. म्हणते, एवढा अभ्यास प्रमोशनच्या परीक्षेला केला असता तर. असो. केलाच आहे तर इथं टाकतो, चुकलं तर कान धरा.

ट्रेक कंपनी १९७६ ची. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात वॉटर्लू नावाचं गाव आहे, तिथल्या एका लाल रंगाच्या जुन्या कोठारात रिचर्ड बर्क आणि बेव्हिल हॉग या दोघांनी सुरू केली. निपाणीतलं तंबाखूचं गोदाम डोळ्यांसमोर आणा, साधारण तसलंच. कामगार मोजके पाच. करायचे काय, तर लांब पल्ल्याच्या सायकलींच्या पोलादी फ्रेमा. डोंगराचा आणि यांचा काही संबंध नव्हता.

डोंगराची गोष्ट दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, त्याच वर्षी चालू होती. माउंट टॅमलपायसच्या आसपासची काही पोरं १९३०-४० च्या जुन्या श्विन सायकली घेऊन उतारावरून शर्यती लावायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. नाव असं का? त्या सायकलींना मागं कोस्टर ब्रेक, म्हणजे पायडल उलटं दाबलं की हबमध्ये, चाकाच्या मध्यात, लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून रीपॅक. या टोळक्यातला एक गॅरी फिशर. त्यानं आणि चार्ली केलीनं १९७९ मध्ये 'माउंटनबाइक्स' नावानं धंदा काढला, फ्रेमा टॉम रिची करून द्यायचा. आज सगळं जग ज्याला माउंटन बाइक म्हणतं ते आधी एका दुकानाचं नाव होतं!

ट्रेकची पहिली डोंगरी सायकल १९८३ ची, नाव ८५०. नुसता आकडा. पुढं बरीच वर्षं हीच पद्धत होती: ८२०, ८३०, ९५०, नंतर ॲल्युमिनियमच्या ३७००, ४३००. आपल्याकडं फायरफॉक्स या सायकल कंपनीमार्फत ट्रेक यायला लागल्या तेव्हा आधी याच आकड्यांच्या सायकली दिसायच्या. २६ इंची चाकं, पुढं शॉक, मागं काही नाही. त्यातली ८२० इतकी चिवट की कंपनीच्या यादीत २०२० च्या आसपासपर्यंत टिकून होती.

मग मार्लिन कुठून आली? ती ट्रेकची नाहीच. ती गॅरी फिशरच्या घरची. फिशरनं १९८३ पासून स्वतःची कंपनी चालवली, १९९१ मध्ये तैवानच्या एका कंपनीला विकली आणि १९९३ मध्ये ट्रेकनं ती घेतली. पण मोडली नाही, वेगळ्या नावानं चालू ठेवली. त्या घरची नावं बघा: हू कू ई कू, टासाहारा, वाहू, बिग सर, मार्लिन, प्रोकॅलिबर, रॉस्को. ट्रेकनं आकडे द्यायचे आणि फिशरनं नावं ठेवायची. २०१० मध्ये ट्रेकनं ठरवलं की आता दोन चुली नकोत. फिशरच्या सायकली ट्रेकच्या नावाखाली आल्या आणि एकदोन वर्षं त्यांच्यावर 'गॅरी फिशर कलेक्शन' एवढं राहिलं. पुढं तेही पुसलं. हिंडलग्याची सायकल बरोबर त्या संधिकाळातली आहे. माहेरचं नाव अजून लावणारी.

नंतर मार्लिनला आकडे चिकटले, ४, ५, ६, ७, ८. म्हणजे फिशरचं नाव आणि ट्रेकचा आकडा, लग्न पूर्ण झालं.

आता प्रश्न. यातली कुठली घ्यावी? पोरगा ५ फूट ९ इंच, वजन बहात्तर. रोज कॉलेज रोड ते उद्यमबाग, आणि रविवारी आमच्याबरोबर वैजनाथ, राजहंसगड, कधी जांबोटी.

—

निपाणीकर_नाक्यावर
शनिवार, रात्री ११.०५

गोदामाची उपमा आवडली. खरं आमच्या गोदामातून आजवर फक्त शिंका बाहेर पडल्यात, सायकल एक नाही.

—

उद्यमबागचा_पाना
रविवार, सकाळी ६.१५

टायरदादा, लेख भारी. आता वर्कशॉपच्या अंगानं थोडं.

मार्लिनचे आकडे बघून फसू नका. एकाच पिढीतल्या ४ पासून ८ पर्यंत फ्रेम एकच, ट्रेक जिला अल्फा सिल्व्हर म्हणते त्या ॲल्युमिनियमची. फरक असतो तो तिच्यावर काय लटकवलंय याचा. ४ ला वायरचे डिस्क ब्रेक आणि अगदी साधा स्प्रिंगचा शॉक. ५ ला हायड्रॉलिक ब्रेक आणि लॉक होणारा शॉक. वर जाल तसे गेअर चांगले, शॉक चांगला. म्हणून माझा नियम: आधी पिढी बघायची, मग आकडा. चार हजारांचे गेअर पुढं कधीही बदलता येतात, फ्रेम बदलता येत नाही.

आणि पिढी सर्वांत ठळक दिसते ती पुढच्या चिमट्याच्या कोनात. जुन्या मार्लिनचा हेड अँगल, म्हणजे चिमट्याचा जमिनीशी होणारा कोन, ६९-७० अंशांच्या घरात. कोन कमी तेवढा चिमटा पुढं पसरलेला. जेन थ्रीचा साधारण ६६.५. तीन अंश म्हणजे कागदावर काही नाही. उतारावर बसून बघा. पुढचं चाक लांब जातं, हँडलवरून उलटून पडायची धास्ती कमी होते. पण चढावर हळू चालवताना हँडल इकडंतिकडं लोंबतं, पुढचं चाक भरकटतं. ते सावरायला सीटची नळी सरळ केली, फ्रेम लांब केली आणि हँडलचा स्टेम, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणारा तुकडा, आखूड केला.

गंमत अशी की लांब फ्रेम आणि आखूड स्टेम हा विचारसुद्धा फिशरचाच. १९९८ च्या त्याच्या 'जेनेसिस' भूमितीत हेच होतं. तेव्हा लोक हसले. वीस-पंचवीस वर्षांनी सगळे तिथंच आले.

—

काळी_हर्क्युलिस
रविवार, सकाळी ७.३०

माझं वय अडुसष्ट. या धाग्यावर बोलायचा अधिकार नसेल, तरी बोलतो.

तुम्ही पोरं म्हणता तो पडलेला चिमटा आमच्या काळ्या सायकलीला जन्मापासून होता. दूधवाल्याची कुठलीही जुनी सायकल बाजूनं बघा. चिमटा कसा पुढं पसरलेला, चाकांमधलं अंतर कसं लांब. का? कारण तेव्हा रस्ते नव्हते. किणयेहून दोन कॅन अडकवून दगडातून यायचं तर सायकल सरळ आपोआप चालली पाहिजे. मधल्या काळात तुमच्या डोंगरी सायकलींनी शर्यतीच्या सायकलींचे उभे कोन घेतले आणि आता चाळीस वर्षांनी परत दूधवाल्याकडं आलात. कंपनीला सांगा, आमच्या गवळ्याला रॉयल्टी द्या म्हणून.

आणखी एक. २९ इंची, २९ इंची म्हणून काय मिरवता? तुमच्या २९ च्या रिमचा व्यास ६२२ मिमी, रेसिंग सायकलच्या ७०० सी रिमाएवढाच. आमच्या २८ इंचीचा ६३५. टायर जाडजूड म्हणून तुमचं चाक मोठं दिसतं. रिम आमचंच मोठं.

—

उद्यमबागचा_पाना
रविवार, सकाळी ७.४८

काका, दंडवत. ६३५ खरं आहे, आत्ता घरच्या जुन्या रिमावर टेप लावून बघितलं.

आणि गवळ्याचं सुद्धा पूर्ण खरं. रीपॅकवाल्यांच्या त्या श्विन सायकली पेपर टाकणाऱ्या पोरांच्या होत्या. म्हणजे तिकडं पेपरवाला, इकडं दूधवाला.

—

नाव_तेच_गाव_तेच
रविवार, सकाळी ९.२०

मला तर हा धागा वाचून हसू येऊलालंय. आमच्या शहराचं १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, गाव तेच राहिलं. मार्लिनचं उलटं: नाव तेच, सायकल तिसरीच. आता सांगा, पाटीवर काय लिहायचं हे नक्की कोण

—

व्यवस्थापक
रविवार, सकाळी ९.२६

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर तोडला आहे. पुढचा भाग सायकलीबद्दल नव्हता. सीमाप्रश्नाला वेगळा विभाग आहे, तिथं सतराशे प्रतिसाद झालेत, तिथं जावं. इथं फक्त चिमट्याचा कोन.

—

शहापूर_सरपट
रविवार, दुपारी १२.१०

सगळे दादालोक फ्रेम आणि कोन बोलताय, मापाबद्दल कोणी बोलायला तयार नाही. माझी उंची पाच फूट एक. २०१७ मध्ये एकांनी "घ्या हो ताई, सीट खाली केली की झालं" म्हणत २९ इंची मीडियम सायकल गळ्यात मारली. येळ्ळूरच्या चढावर एकदा थांबायची वेळ आली, पाय जमिनीला पोचेना, आडवी झाले ती थेट उसाच्या पाटात. दोन वर्षं ती तशीच ओढली कारण चूक माझी वाटत होती. माझी नव्हती.

म्हणून ट्रेकनं केलेला एक बदल मला या सगळ्या वंशावळीत सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रेम लहान असेल तर चाक लहान. एक्सएस आणि एस मापाला २७.५ इंची, त्यावरच्या मापांना २९. माझ्याकडं आता एस आहे, २७.५ ची. थांबले की दोन्ही पाय टेकतात. बाकी तुमचे ६६ अंश का ६९ अंश, मला फरक कळत नाही असं नाही, पण पाय टेकण्यापुढं ते दुय्यम.

ज्यांना ट्यूब-टायर शोधावे लागतात त्यांच्यासाठी रिमचे व्यास: २६ इंची म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२ मिमी. नावात दीड इंचाचा फरक दिसतो, २६ आणि २७.५ च्या रिमात प्रत्यक्ष फरक २५ मिमी, म्हणजे जेमतेम एक इंच. या धंद्यात इंचाला काही इमान नाही.

—

टिळकवाडी_टायर
रविवार, दुपारी २.३०

ताई, भाच्याला माप बघूनच घेईन. उसाच्या पाटाबद्दल वाईट वाटलं (आणि थोडं हसूही आलं, माफी).

२९ वरून एक राहिलं होतं. मोठं चाक डोंगरी सायकलीला आणायचा हट्टही मुख्यत्वे गॅरी फिशरचाच. आधीही हौशी कारागीर करत होते, पण १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी या कंपनीचं रुंद २९ इंची टायर निघालं आणि मग फिशरनं २००० नंतर ते कारखान्यातून विकायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं लोक त्याला सर्कशीची सायकल म्हणायचे. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि दगडावरून सहज सरकतं. आपल्या जांभ्याच्या रस्त्यावर तर फारच. जांभ्याचा दगड उन्हात वाळला की त्याला खवणीसारखी धार येते, २६ इंची चाक त्यात अडकत-अडकत जायचं. माझी जुनी ४३०० आठवते, बेळगुंदीच्या खाणीच्या बाजूनं गेलं की दात वाजायचे.

—

जांबोटी_चिखल
सोमवार, रात्री ९.५०

माझ्याकडं आधी २०१८ ची मार्लिन होती, आता जेन थ्री. दोन्ही याच भागात चालवल्या म्हणून अनुभवाचं सांगतो.

कणकुंबीकडचा पाऊस माहीत आहे सगळ्यांना. ऑक्टोबरात पाऊस उघडला की वाटा दिसायला लागतात, पण त्यांची अवस्था धुऊन काढलेल्या मुळांसारखी. लाल माती वाहून गेलेली, वर नुसते दगड. अशा वाटेवर उतरताना नवीन सायकल जुनीपेक्षा कितीतरी शांत. जुनीवर मी मागं सरकून, पोट सीटवर टेकवून, देवाचं नाव घेत उतरायचो. नवीनवर बसून उतरतो. त्यात सीटची उंची बटणानं खाली करणारा ड्रॉपर पोस्ट बसवलाय, त्याची केबल फ्रेमच्या आतून घ्यायची सोय कंपनीनं ठेवली आहे.

खरं वैजनाथला उलटं झालं. देवरवाडीकडून वर जाताना वळणं आखूड, दगडी, वेग माणूस चालण्याएवढा. तिथं ही लांबलचक सायकल वळवता वळवता मेटाकुटीला आलो. मागून २०१५ ची घेऊन आलेला कॉलेजचा पोरगा "काका, बाजूला" म्हणून निघून गेला. महिपाळगडाच्या पायथ्याला पोचेपर्यंत फोननं दोनदा "महाराष्ट्रात स्वागत" आणि एकदा "कर्नाटकात स्वागत" केलं, पण मी काही दहा फूटसुद्धा सरळ गेलो नव्हतो.

चाकाचं सांगतो, कारण यात मी स्वतः पडलोय. जुन्या मार्लिनच्या मागच्या टोकाला उघडी खाच असायची, त्यात क्विक रिलीजची, म्हणजे लिव्हरनं आवळायची, दांडी बसवायची. कुसमळीजवळ पंक्चर काढून चाक घाईत बसवलं, लिव्हर नीट आवळला नाही. पुढच्या चढावर जोर लावला तसं चाक तिरकं होऊन फ्रेमला घासलं आणि जागेवर थांबलो. चूक माझीच. नवीन फ्रेमला ट्रेकचं 'थ्रूस्क्यू' आहे. दांडी तशीच बारीक, पण खाच बंद, भोकासारखी. दांडी पूर्ण उपसल्याशिवाय चाक निघत नाही आणि लिव्हर सैल राहिला तरी चाक जागा सोडत नाही. छोटी गोष्ट, पण मला तीन अंशांपेक्षा हीच मोठी वाटते.

जाता जाता: भीमगडच्या अभयारण्यात परवानगीशिवाय सायकल घालू नका. गेल्या महिन्यात दोघांना परत पाठवलं.

—

रेमेडी_गेली
सोमवार, रात्री १०.३०

तुम्ही सगळे मागं शॉक नसलेल्या सायकलींवरच अडकलात. ट्रेकची खरी उलथापालथ दोन्हीकडं शॉक असलेल्यांमध्ये झाली.

१९९५ ची वाय-बाइक आठवते का कुणाला? फ्रेम इंग्रजी वाय अक्षरासारखी. कार्बनची. पोस्टरवर बघून आम्ही वेडे झालो होतो. चालवायला मात्र पायडल मारलं की घोड्यासारखी वरखाली. दिसायला ऐंशी गुण, चढावर पस्तीस.

पुढं त्यांनी नावं लावून घराणी तयार केली: शर्यतीला टॉप फ्युएल, सगळीकडं चालणारी फ्युएल ईएक्स, त्याहून दांडगी रेमेडी, मग स्लॅश, आणि थेट डोंगरावरून खाली टाकायची सेशन. सेशनवर ॲरन ग्विननं २०११ आणि २०१२ चा वर्ल्ड कप जिंकला, रेचल ॲथर्टन २०१६ च्या वर्ल्ड कपमधली एकही फेरी हरली नाही. त्या सायकलीचा आकार इतका डोक्यात बसला की इंटरनेटवर कुठलीही नवीन सायकल आली की खाली कोणीतरी लिहिणारच, "सेशनसारखी दिसते". २०२१ ला ट्रेकनं स्वतःच सेशन बदलून पिव्होट, म्हणजे मागचा भाग जिथं हलतो तो सांधा, वर नेला, तर लोक म्हणाले, "ही सेशनसारखी दिसत नाही!"

आता गंमत बघा. फ्युएल ईएक्सला २००८ मध्ये मागं १२० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे शॉक दबला की चाक तेवढं वर जातं. २०१७ ला १३०. २०२२ ला १४०. टॉप फ्युएल २०१६ ला १०० मिमी, पुढच्या पिढीत ११५, नंतर १२०. म्हणजे आजची टॉप फ्युएल ही २००८ च्या फ्युएल ईएक्सएवढी झाली. घरातली पोरं वाढतात तसं. थोरल्याचे कपडे धाकट्याला यायला लागले. मग रिकाम्या झालेल्या पाळण्यात नवीन बाळ आणलं: २०१९ ची सुपरकॅलिबर, मागं फक्त ६० मिमी, तोही शॉक फ्रेमच्या वरच्या नळीतच बसवलेला. आणि रेमेडी? ती १५० वर होती, फ्युएल ईएक्स १४० ला जाऊन तिला खेटली. दोघींना एका खोलीत जागा नव्हती. रेमेडी गेली.

माझ्याकडं २०१६ ची रेमेडी आहे. विकायची नाही, विचारू नका.

—

दर_वर्षी_नवं
मंगळवार, सकाळी ८.००

सगळं विकायचे धंदे आहेत हो. आधी २६ चांगलं, मग २९ चांगलं, मध्येच २७.५. मागच्या हबची रुंदी १३५ मिमी होती, १४२ केली, मग १४८ केली. आज घेतलेलं चाक उद्या बसत नाही. आमच्या वडिलांनी एक सायकल तीस वर्षं वापरली.

—

उद्यमबागचा_पाना
मंगळवार, दुपारी १.१५

अर्धं पटलं.

१४८ ला अर्थ आहे. २९ चं चाक मोठं म्हणून तारा लांब, लांब तारेचं चाक कडेला जास्त लवतं. हबचे दोन कान लांब नेले की तारांचा कोन पसरतो आणि चाक ताठ होतं. ट्रेकनं आणि स्रॅम या गेअरच्या कंपनीनं मिळून ते काढलं, २०१५ च्या रेमेडी २९ वर पहिल्यांदा आलं. घराच्या पत्र्याला आधार रुंद दिला तर वाऱ्याला कमी हलतो, तसंच.

खरं प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, याला काही अर्थ नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागचा गेअर ज्या बोटभर ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. सायकल पडली की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी अशी योजना. म्हणजे तो मोडण्यासाठीच असतो आणि नेमका तोच मिळत नाही. माझा जांबोटी रोडवर मोडला, गावात एका दुकानात "सगळ्या ट्रेकला हाच बसतो" म्हणून एक दिला. भोकं जुळेनात. शेवटी चेन तोडून, एकाच गेअरवर, मच्छेपर्यंत आलो.

२०१९ ला स्रॅमनं सर्वांना एकच चालेल असा यूडीएच हँगर आणला आणि ट्रेक तो उचलणाऱ्या पहिल्या कंपन्यांत होती. तिथं ट्रेकला पैकीच्या पैकी गुण. खरं त्याला १२ मिमीची जाड दांडी लागते, म्हणून मार्लिनला त्याचा उपयोग नाही.

टायरदादा, तुमच्या तिन्ही सायकलींचे हँगर वेगळे निघतील, आताच सांगून ठेवतो. २०१२ चा तर इथं मिळायचा नाही.

—

टिळकवाडी_टायर
बुधवार, रात्री ११.३०

तिन्ही बघून आलो. सोबत भाचा.

कोल्हापूरची जेन थ्री उत्तम, पण त्या पैशात थोडी भर घातली की कोरी येते. भाच्याला पटली नाही. धारवाडची मार्लिन ५: चेन ताणलेली, मागचे ब्रेक पॅड संपलेले, पण फ्रेमला कुठं चीर नाही, शॉकच्या नळ्यांवर ओरखडे नाहीत. माप मीडियम-लार्ज, त्याला बरोबर. मागं कॅरिअर आणि स्टँड लावायची भोकं आहेत, रोज डबा घेऊन जायचा तर कामाची. पोरगा रोज चौदा किलोमीटर डांबरावर आणि आठवड्यात एकदा डोंगरात जाणार. त्याला ६९ अंश पुरतील. घेतली. साडेसतरा हजाराला पटलं.

हिंडलग्याची मी फक्त बघायला गेलो होतो.

गृहस्थांनी ती गच्चीवर, जुन्या चादरीखाली ठेवली होती. मुलगा परत अमेरिकेला गेला, आता येईल तेव्हा चालवेल म्हणून विकलीही नाही इतकी वर्षं. टायरला चिरा गेलेल्या. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, हा गॅरी फिशर कोण? मग मी बसलो. कोस्टर ब्रेक, जळणारं ग्रीस, टॅमलपायस, सगळं सांगितलं. तासभर. ते म्हणाले, मुलानं कधी हे सांगितलं नाही. मी म्हटलं, त्यालाही माहीत नसेल कदाचित. मग त्यांनी किंमत कमी केली. मी मागितली नव्हती.

थोडक्यात, आता घरात दोन मार्लिन आहेत. सौ. ला अजून एकच माहीत आहे.

—

शहापूर_सरपट
बुधवार, रात्री ११.४१

वाटलंच होतं.

—

काळी_हर्क्युलिस
गुरुवार, सकाळी ५.५५

बरं केलंस. टायर आधी बदल. जुन्या टायरवर वैजनाथचा उतार उतरू नकोस.

—

उद्यमबागचा_पाना
गुरुवार, सकाळी ७.१०

अभिनंदन, दादा. आता ऐका. तो हँगर अजून शाबूत आहे तोवर काढून आणा. मोडल्यावर आणलात तर माप कशावरून घेऊ? आमच्याकडं ६०६१ ॲल्युमिनियमच्या पट्टीचे तुकडे पडलेले असतात, सीएनसीवर प्रोग्रॅम एकदा केला की चार काढून देतो. दोन तुम्हाला, दोन बेळगावात दुसरा कोणी २०१२ वाला निघाला तर.

धारवाडच्या मार्लिनचाही आणा. तोही करून ठेवू.

—

टिळकवाडी_टायर
गुरुवार, सकाळी ७.३२

शनिवारी दुपारी येतो. हँगरचा स्क्रू घट्ट बसलाय, निघत नाही.

—

उद्यमबागचा_पाना
गुरुवार, सकाळी ७.३४

जोर लावू नका, स्क्रूचं डोकं जाईल. सायकलच घेऊन या. सौ. ला सांगा की भाच्याची आहे.